हाकेला ओ

बँकेत नोकरी करताना यीस्टशी माझा संबंध आला तो बेकरीवाल्यांच्या कर्जप्रकरणांपुरता. परवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या नातीने एक छायाचित्र पुढ्यात ठेवलं. "आजोबा, ही यीस्टची पेशी. कोणाची तरी हाक ऐकून थांबलीय." एरवी गोल असणारी ती पेशी एका बाजूने नासपतीसारखी लांबट झाली होती.

यीस्टमध्ये नर-मादी नसतात. 'ए' आणि 'अल्फा' असे दोन प्रकार असतात. पेशीला पाय नाहीत, म्हणून दोघीही रसायनाची हाक सोडतात. त्याला फेरोमोन म्हणतात. अल्फाची हाक म्हणजे 13 अमिनो आम्लांची चिमुकली साखळी. 'ए' पेशीच्या पटलात ती ओळखणारं प्रथिन असतं, सात वेळा आरपार विणलेलं. ग्राहक काउंटरबाहेरच उभा राहतो, पण आत त्याच्या कामाची हालचाल सुरू होते ना, तसंच इथे. वर्दी देतं ते आतल्या अंगाला चिकटलेलं जी-प्रथिन. त्याचे भाग तीन. हाक आली की एक भाग सुटतो आणि उरलेली जोडी निरोप पुढे पोचवते. मग पेशी आपलं विभाजन थांबवते आणि जिकडून हाक दाट येते तिकडे वाढू लागते. गाठ पडली, की दोघींची एक पेशी होते.

गंमत म्हणजे हीच घडण आपल्याही शरीरात आहे. जी-प्रथिनांच्या शोधासाठी आल्फ्रेड गिलमन आणि मार्टिन रॉडबेल यांना 1994 मध्ये नोबेल मिळालं. हाक ओळखणाऱ्या प्रथिनांवरच्या कामासाठी 2012 मध्ये रॉबर्ट लेफ्कोवित्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना. छातीच्या धडधडीसाठी मी रोज सकाळी जी गोळी घेतो, ती अशाच प्रथिनावर बसून अ‍ॅड्रेनलिनची हाक अडवते. आज वापरात असलेल्या औषधांपैकी सुमारे एक तृतीयांश औषधं याच घराण्यातल्या प्रथिनांवर काम करतात.

"पण समोरून कोणी आलंच नाही तर?" मी विचारलं.

"मग ऐकलेलं पुसायचं, आजोबा. नाहीतर पेशी अडकूनच पडेल."

त्याचीही सोय आहे. 'ए' पेशी एक विकर बाहेर सोडते; ते अल्फाची हाक कापून टाकतं. आत 'एसएसटी-2' नावाचं प्रथिन सुटलेल्या भागाला लवकर जोडीकडे परत धाडतं. मग पेशी पुन्हा विभाजनाला लागते. हे प्रथिन नसलेली पेशी मात्र जराशा हाकेनेही थांबते आणि मग सहजी सावरत नाही.

नात झोपायला गेली. मी बसून राहिलो. आमची ही गेली, त्याला तीन वर्षं झाली. संध्याकाळी फाटकाची कडी वाजली की मी अजून दाराकडे बघतो. तेव्हा अर्धी राहिलेली कादंबरी कपाटात तशीच पडून होती.

पेशीला दुःख नसतं, एवढं मलाही कळतं. तिचं थांबणं वेगळं, माझं वेगळं. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते बाड काढलं. जेमतेम एक पान झालं. संध्याकाळी कडी वाजली, तेव्हा मान वर झाली. पण हातातलं पेन खाली ठेवलं नाही.