लाल टिकलीचे पैसे
लेखमाला ‘घेण्याआधी’ : भाग ७

मागच्या आठवड्यात सेन्सरच्या इंचांचा हिशेब मांडला आणि रविवारी सकाळीच भाच्याचा फोन आला. “मामा, ते इंच-बिंच कळलं. आता एवढंच सांग, टिकलीवाला घेऊ की बिनटिकलीचा?” पोरगा सीवूड्सला राहतो, पहिला बोनस हातात आलाय, आणि मोबाइलचा कंटाळा आलाय. तिन्ही गोष्टी एकदम जुळल्या की माणूस कॅमेऱ्याकडे वळतो.

टिकली म्हणजे लायकाची, पुढच्या बाजूला बसवलेला तो लाल गोल. जर्मनीतल्या वेट्झलारला ऑस्कार बार्नाकने १९१४ च्या सुमारास सिनेमाच्या फिल्मवर चालणारा खिशात मावेल असा कॅमेरा बनवला, १९२५ मध्ये तो लाइपझिगच्या जत्रेत विक्रीला आला, आणि ३६ बाय २४ मिलिमीटरची चौकट तिथून जगभर रुळली. हे नाव नुसत्या जाहिरातीवर मोठं झालेलं नाही, हे आधीच कबूल करतो. प्रश्न वेगळाच आहे. भाच्याने ज्या डब्यावर बोट ठेवलं होतं तो डी-लक्स होता, आणि डी-लक्सची गोष्ट बार्नाकच्या गोष्टीहून निराळी आहे.

२००१ मध्ये पॅनासॉनिकने ल्युमिक्स ही कॅमेऱ्यांची मालिका काढली, तीच मुळी लायकाशी हातमिळवणी करून. तेव्हापासून एकाच कॅमेऱ्याचे दोन अवतार बाजारात येत राहिले. २००८ चा पॅनासॉनिक एलएक्स ३ म्हणजे लायका डी-लक्स ४. एलएक्स ५ म्हणजे डी-लक्स ५, एलएक्स ७ म्हणजे डी-लक्स ६. २०१४ चा एलएक्स १०० म्हणजे डी-लक्स (टाइप १०९), आणि २०१८ चा एलएक्स १०० मार्क २ म्हणजे डी-लक्स ७. आत सेन्सर तोच, लेन्स तीच, बॅटरीसुद्धा तीच. गंमत म्हणजे पॅनासॉनिकच्या एलएक्स १०० च्या लेन्सच्या कड्यावरही ‘लायका डीसी व्हॅरिओ-समिलक्स’ असं कोरलेलं असतं. म्हणजे नाव दोघांवरही आहे, टिकली एकावरच.

गाड्या घेणाऱ्यांना हे नवं नाही. मारुतीची बलेनो २०१९ पासून टोयोटाच्या शोरूममध्ये ग्लान्झा म्हणून मिळते. तेव्हा टोयोटाने वॉरंटी जास्त दिली होती, म्हणून कित्येकांनी विचारपूर्वक तीच घेतली आणि त्यात काही चुकलं नाही. त्याही आधी आमच्या आजोबांकडे आग्फाचा क्लिक ३ होता. एका रोलवर १२ फोटो. नाव जर्मन, पण कॅमेरा बडोद्याला बनलेला. आजोबा तो ‘जर्मन’ म्हणूनच दाखवायचे आणि कुणी हरकत घेत नसे.

आता पैशांकडे येऊ. अमेरिकेत एलएक्स १०० निघाला ८९९ डॉलरला आणि त्याचा टिकलीवाला भाऊ ११९५ ला. तिसरा हिस्सा जास्त! पुढच्या जोडीत अंतर कमी झालं. मार्क २ हजाराला, डी-लक्स ७ पुन्हा ११९५ लाच. आपल्याकडे डॉलरचा भाव आणि करांचा बोजा यांतून रुपयातला आकडा फुगतो. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी २०१९ च्या १ जानेवारीपासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला हेच काय ते समाधान.

माझ्याकडे जुना एलएक्स १०० आहे. आमच्याच सोसायटीत, नेरुळला, एका काकांकडे टाइप १०९ निघाला. अशी संधी सोडतो कोण? एका शनिवारी दोघे बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजला गेलो. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ती बैठी घरं, मधली सामायिक अंगणं, उतरती छपरं, कुठे मूळ रूप शाबूत तर कुठे वर तीन मजले चढलेले. २४ मिलिमीटरच्या रुंद टोकाला तिथे काम भरपूर. एकच ट्रायपॉड, एकच छिद्र, एकच शटर, कॅमेरे तेवढे आलटून पालटून. घरी आल्यावर दोघांच्या रॉ फाइली एकाच सॉफ्टवेअरमध्ये, काहीही न चिवडता उघडल्या. शेवटची अक्षरं तेवढी वेगळी, एकाची आरडब्ल्यू२ आणि दुसऱ्याची आरडब्ल्यूएल. बारा फोटो पोस्टकार्ड आकारात छापून आणले, पाठीमागे पेन्सिलने खुणा केल्या, पत्त्यांसारखे पिसले आणि घरच्यांपुढे टाकले.

काकांनी सहा ओळखले, सहा चुकले. मी पाच ओळखले. आत्याने, जी दोन फोटोंत स्वतः होती, चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिलं आणि निकाल दिला, “दोन्हीत मी जाडच आलेय.”

थेट कॅमेऱ्यातून निघालेल्या जेपेगमध्ये रंगांची किंचित तऱ्हा वेगळी वाटते, हे खरं. पण ती मेनूत दोन खुणा इकडेतिकडे केल्या की मिटते. तीनशे डॉलर त्यासाठी कुणी मोजू नयेत.

मग मिळतं काय? टाइप १०९ बरोबर लाइटरूमचा परवाना यायचा, आणि ज्याला तो विकतच घ्यायचा होता त्याचा त्यात फायदाच होता. कुठे कुठे जास्त मुदतीची वॉरंटी. खोका असा, की फेकवत नाही. आणि घडण. पॅनासॉनिकच्या पुढच्या बाजूला बोटं रुतायला एक फुगवटा आहे. लायकाने तो काढून टाकून पुढचा भाग सपाट, देखणा केला. टेबलावर ठेवला तर सुंदरच दिसतो. पण मे महिन्यात पाम बीच रोडच्या फुटपाथवर, तळहाताला घाम आलेला असताना, तोच साबणाच्या वडीसारखा निसटू पाहतो. त्यावर उपाय म्हणून लायका वेगळी ग्रिप विकते. म्हणजे आधी जास्त पैसे देऊन फुगवटा काढून घ्यायचा आणि मग पुन्हा पैसे देऊन बसवून घ्यायचा. काकांनी ती घेतली आहे, त्यामुळे हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवणार नाही.

एक गोष्ट मात्र टिकलीच्या बाजूने प्रामाणिकपणे मांडायला हवी, ती म्हणजे पुनर्विक्री. फोर्टात बोरा बाजारातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत चक्कर मारा. जुना पॅनासॉनिक पुढे केला की दुकानदार आधी नाक मुरडतो, मग भाव सांगतो. टिकलीवाला पुढे केला की आधी खोका आहे का, बिल आहे का, हे विचारतो. जास्तीचे दिलेले पैसे सगळेच्या सगळे खर्च होत नाहीत, थोडे नावात अडकून राहतात आणि विकताना सुटतात. सोन्याच्या दागिन्यासारखंच आहे हे, घडणावळ गेली तरी सोनं राहतं. फरक एवढाच की इथे सोनं किती आणि घडणावळ किती हे गिऱ्हाईक ठरवतं, म्हणून खोका जपावा लागतो.

इथे एक गल्लत टाळा. लायकाचा क्यू हा वेगळा प्राणी आहे. २०१५ चा पहिला क्यू असो की २०२३ चा क्यू ३, त्यात ३६ बाय २४ चा पूर्ण सेन्सर आहे, २८ मिलिमीटरची, एफ १.७ ची पक्की लेन्स आहे, आणि पॅनासॉनिकच्या दुकानात त्याचा जुळा भाऊ मिळत नाही. तिथे नावाबरोबर मालही वेगळा आहे. महाग आहे का? बेफाम. पण ‘तोच कॅमेरा महाग’ असं म्हणता येत नाही. फोनच्या पाठीवरच्या नावांचं काय, असंही भाच्याने विचारलं. शाओमीवर लायका, विवोवर झाइस, वनप्लसवर २०२५ पर्यंत हॅसलब्लाड. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आज नको.

पैसे मोजायचेच असतील तर चौरस मिलिमीटरसाठी मोजा. स्वस्त कॉम्पॅक्टमधला १/२.३ इंची सेन्सर जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा. ‘एक इंची’ म्हणवणारा १३.२ बाय ८.८, म्हणजे जवळपास नॅनो सिमकार्डाएवढा. फोनमधलं सिम काढून तळहातावर ठेवा, तोच तो एक इंच! (इंच का म्हणतात ते मागच्या भागात आलंच आहे.) सोनीच्या आरएक्स १०० ने २०१२ मध्ये तो खिशात आणला आणि सगळ्यांची झोप उडवली. एलएक्स १०० आणि त्याच्या जोडीच्या डी-लक्समधला फोर थर्ड्स १७.३ बाय १३ मिलिमीटरचा. तो पूर्ण वापरात येत नाही, तरी एक इंचीपेक्षा सरसच. या पायऱ्या चढताना फोटोत फरक दिसतो, विशेषतः दिवे लागल्यावर, वाशी स्टेशनबाहेरच्या भेळवाल्याच्या उजेडात. टिकलीची पायरी अंधारात दिसत नाही.

भाच्याचा खरा बेत फ्लेमिंगोंचा होता. टीएस चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीत ते उतरले की सीवूड्सची निम्मी गॅलरी दुर्बिणी काढते. त्याला म्हटलं, बाबा रे, या लेन्सचं लांब टोक ७५ मिलिमीटर. शंभर मीटरवर उभा असलेला पक्षी फोटोच्या उंचीच्या विसाव्या भागाएवढाही भरणार नाही. खाडीत सांडलेला गुलाल दिसेल, चोच दिसणार नाही. त्याला ४०० च्या पुढचं काहीतरी लागतं, आणि ते टिकली असो-नसो, खिशात मावत नाही. तो थोडा हिरमुसला. मग म्हणाला, फिरायला, घरच्यांचे, खाण्यापिण्याचे फोटो जास्त काढतो मी. मग ठीक.

नवा घेणाऱ्यापुढे आज जुळ्यांचा पेचही उरलेला नाही. २०२४ मध्ये डी-लक्स ८ आला, तेव्हा जोडीला पॅनासॉनिकचा नवा भाऊ आला नाही. सेन्सर आणि लेन्स डी-लक्स ७ च्याच घरातले, मेनू क्यूच्या वळणाचा सुटसुटीत, रॉ फाइल डीएनजी, आणि येतानाची किंमत १५९५ डॉलर. २०१८ च्या अंतरंगाला एवढे पैसे मी देणार नाही. माझा सल्ला होता, सेकंडहँड मार्क २ बघ, बिलासकट, आणि वाचलेल्या पैशांत चांगली बॅग, दोन बॅटऱ्या आणि गोव्याची एक फेरी.

जाता जाता त्याला हेही सांगितलं होतं की लायकाने नाव कमावलं ज्यांच्या जोरावर, त्यांतले आँरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या कॅमेऱ्याचे चकचकीत भाग काळ्या पट्टीने झाकून फिरत, लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून. खुद्द लायकानेही २०१८ च्या एम१०-पी सारखी मॉडेलं टिकलीशिवाय काढली आणि ती साध्या एम१० पेक्षा महाग विकली.

पोराने ऐकलं नाही. बोरा बाजारातून जुना डी-लक्स ७ उचलला, खोका आणि बिल दोन्ही आहे, वर ग्रिपही बसवलेली मिळाली. परवा रात्री फोन आला. हार्बर लाइनला गळ्यात अडकवून उभा होता, तर मानखुर्दपासून वाशीपर्यंत तिघांनी किंमत विचारली. “मामा, ती काळी पट्टी कुठे मिळते? गोंद राहत नाही ना मागे?”

इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळते, आणि साधी घेतली तर राहतो. फोटोग्राफीच्या दुकानातली कापडी गॅफर टेप माग.

पुढच्या आठवड्यात : सेकंडहँड कॅमेरा हातात घेतल्यावर लेन्समध्ये आधी टॉर्च का मारायचा, आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत काचेवर बुरशी कशी धरते.