ज्युडिथ स्कॉटचे धागे

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पालकांनो, ज्युडिथ स्कॉटचं काम जरूर बघा! जन्म १९४३, अमेरिका. डाउन सिंड्रोम होताच, शिवाय बहिरेपण, तेही कित्येक वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. लहानपणापासून सुमारे ३५ वर्षं संस्थांमध्येच गेली. १९८७ मध्ये जुळ्या बहिणीने, जॉइसने, तिला ओकलंडच्या ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ या कलाकेंद्रात घातलं. चित्रांत तिचं मन रमेना. मग धाग्यांच्या एका कार्यशाळेत बसली आणि मिळेल त्या वस्तूभोवती लोकर, दोरे, चिंध्या गुंडाळत मोठमोठी शिल्पं करू लागली. २००५ मध्ये जाईपर्यंत हे चालूच होतं. बोलता न येणाऱ्या माणसाला मनातलं हातांनी मांडता येणं केवढं मोठं आहे! म्हणून मूल चित्रकलेत रमत नसेल तर माती द्या, ढोलकी द्या, लोकर द्या. नमुना मात्र समोर ठेवू नका.