इंग्रजीतलं 'नाव-गाव-फळ-फूल' : आवाज नाही, अक्षर शोधायचं



'नाव-गाव-फळ-फूल' हा खेळ आपण सगळेच लहानपणी खेळलोय. 'क' आला की कविता, कंधार, कलिंगड, कण्हेर! मागच्या वर्षी चौथीच्या वर्गात मी हाच खेळ इंग्रजीत घेतला. फळ्यावर 'के' लिहिला आणि म्हणालो, हे अक्षर कुठेही येणारे शब्द लिहा, पाच मिनिटं.

एका मुलाने लिहिलं : कॅट, कप, कार, कलर. चारही शब्द 'के'ने सुरू केलेले. मी चारही शब्दांवर लाल फुली मारली. दुसऱ्या दिवशी खेळाचं नाव काढलं तर तो मागच्या रांगेत जाऊन बसला.

वह्या पुन्हा चाळल्या तेव्हा माझीच चूक लक्षात आली. त्याला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. तो मराठीच्या नियमाने चालला होता. आपल्याकडे 'क' म्हणजे क, तो पाहायचाही आणि ऐकायचाही. इंग्रजीत अक्षर वेगळं आणि आवाज वेगळा. 'क' हा आवाज 'के' देतो, 'सी' देतो, 'क्वीन'मध्ये 'क्यू' देतो. उलट 'नाइफ'मध्ये 'के' आहे, पण गप्प बसलेला. मी मागितलं अक्षर, लेकराने दिला आवाज. खरं म्हणजे आवाज त्याने अचूक ओळखला होता.

म्हणून आता मी आधी मराठीतलंच उदाहरण घेतो. 'चार' आणि 'चारा' मोठ्याने म्हणायला लावतो. अक्षर एकच, पण 'च'चे उच्चार दोन! शेतकऱ्याची लेकरं, जन्मापासून दोन्ही बरोबर बोलतात. कुणी शिकवलेलं नसतं. मग 'सी' कधी क तर कधी स का होतो, हे फारसं खटकत नाही. ए, ओ, यू पुढे असेल तर बहुतेक वेळा क (कॅट, कॉट, कप). ई, आय, वाय असेल तर स (सेल, सिटी, सायकल).

'नाइफ'वर मात्र एका मुलीने विचारलंच, "सर, बोलायचाच नाही तर लिहिला कशाला?" प्रश्न रास्त आहे. पूर्वी इंग्रज लोक तो 'के' बोलत असत. पुढे बोलणं बदललं, लिहिणं तसंच राहिलं.

आता शोधायचं कसं? मुलं फक्त शब्दाची सुरुवात पाहतात. त्यांना शेवट पाहायला शिकवा. 'के' हा 'सी'च्या पाठीमागे लपतो : डक, ब्लॅक, क्लॉक. 'एक्स' तर सुरुवातीला जवळजवळ नसतोच. बॉक्स, सिक्स, टॅक्सी असा शेवटी किंवा मधे सापडतो. 'क्यू' दिसला की त्याच्या मागोमाग 'यू' शोधा : क्विक, स्क्वेअर, इक्वल. 'झेड'मध्ये मुलं हमखास फसतात, 'रोझ' आणि 'नोझ' लिहून मोकळी होतात. तिथे 'एस' आहे! 'एफ'मध्ये तसंच 'फोन' आणि 'एलिफंट' येतात, तिथे पी-एच. जोडअक्षरांच्या फेरीत दोन 'ओ' मागा आणि 'मंगूज' सांगा. हा शब्द इंग्रजीने आपल्या मराठी 'मुंगूस'वरून घेतलाय. वर्ग खूश होतो.

साहित्याला खर्च नाही. आमच्या अर्धापुरात केळीच्या खोक्यांचे पुठ्ठे सहज मिळतात, त्यांचेच चौकोन कापले. पहिल्यांदा प्रत्येक अक्षराचे चार-चार केले आणि खेळ अडकला. हातात नुसते क्यू, झेड आणि व्ही. मग स्क्रॅबलचं गणित वापरलं. अमेरिकेतल्या आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाने १९३०च्या दशकात वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून हा खेळ बेतला. त्याच्या १०० सोंगट्यांत 'ई' १२, 'ए' आणि 'आय' ९-९, 'ओ' ८, 'एन', 'आर', 'टी' ६-६. आणि के, जे, एक्स, क्यू, झेड फक्त एकेक. दोन कोऱ्या. कमी सापडणाऱ्या अक्षराला गुण जास्त, 'ई'ला १ तर 'क्यू'ला १०. मोजणीचा तासही यातच होऊन जातो.

पालकांसाठी एक गोष्ट. अक्षरं टाकली की शब्दांची यादी देणाऱ्या वेबसाइट मोबाइलवर आहेत. त्या आपण तयारीसाठी जरूर वापराव्यात. मुलाच्या हातात देऊ नयेत. यादीत त्याने कधी न ऐकलेले शब्द येतात आणि शोधायचं कामच संपतं. घरी एक मोठा शब्द द्या, एवढं पुरे. 'टीचर' घ्या : टी, ईट, हॅट, कॅट, रॅट, केअर, रेस, हिअर, चार्ट, अर्थ, थ्री... चुकलं तर फुली मारू नका, "आवाज बरोबर, अक्षर बघ" म्हणा.

तो मागच्या रांगेतला मुलगा 'टीचर'च्या फेरीत पुढे आला. त्याने सात अक्षरांतली पाच उचलून 'हार्ट' लावला आणि मग विचारलं, "सर, यात 'ई' बोलत नाही, तरी चालतो ना?"