संगणकातील बिऱ्हाडे

जुन्या वाड्यांच्या मालकांना एक गोष्ट पक्की ठाऊक असे. बिऱ्हाड येते तेव्हा एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन येते. वर्षभरात त्यांची सायकल जिन्याखाली उभी राहते, लोणच्याची बरणी मालकांच्या फडताळात जाते, तुळशीची कुंडी गच्चीवर चढते. दहा वर्षांनी ते बिऱ्हाड जागा सोडते, तेव्हा कोणती वस्तू त्यांची, कोणती मालकांची आणि कोणती दोघांची मिळून, हे कोणालाच धड सांगता येत नाही. घरातल्या जुन्या संगणकात वस्तीला आलेल्या प्रोग्रॅमांची गोष्ट याहून वेगळी नाही.

मी संगणकाचा तज्ज्ञ नव्हे. बँकेत खातेवह्या जाऊन टेबलांवर पडदे आले, तेव्हा इतर चौघांबरोबर जे शिकलो तेवढेच. पण निवृत्तीनंतर सोसायटीत माझी तशी ख्याती झाली आहे खरी. "अहो, जरा बघून जाता का?" असे बोलावणे आले की चष्मा घेऊन मी निघतो. इतक्या वर्षांच्या या फेऱ्यांत तक्रारी मुख्यतः तीनच ऐकल्या. नवा प्रोग्रॅम बसत नाही. बसला असे म्हणतो, पण सापडत नाही. आणि नकोसा झालेला जाता जात नाही.

हल्ली ही बोलावणी वाढली आहेत, आणि त्याला कारणही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला. त्यापुढच्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. त्यामुळे आदल्या दिवशीपर्यंत धडधाकट असलेले कितीतरी घरगुती संगणक एका तारखेने म्हातारे ठरले. अशा वेळी घरातले कोणीतरी म्हणतेच, "निदान नको ते काढून टाकू, म्हणजे जरा तरी पळेल." विचार चांगला आहे. पण काय काढायचे हे ठरवण्याआधी कोण कुठे राहते, हे पाहून घ्यायला हवे.

डॉसच्या काळात हा प्रश्नच फारसा नव्हता. प्रोग्रॅम म्हणजे बहुधा एक डिरेक्टरी. ती पुसली की संपले. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आले आणि वाड्याची रचनाच बदलली. आता प्रोग्रॅमची मुख्य खोली 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरात, काही सामान विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात, स्टार्ट मेनूत एक पाटी, डेस्कटॉपवर दुसरी पाटी आणि या सगळ्याची नोंद 'रजिस्ट्री' नावाच्या एका मोठ्या दप्तरात. त्यातच 'डीएलएल' नावाच्या सामाईक फाइल्स. त्या म्हणजे चाळीतला सामाईक नळच. चार प्रोग्रॅम त्यावर पाणी भरतात. एखादा प्रोग्रॅम जाताना तो नळ उपटून घेऊन गेला, किंवा येताना नव्या नळाच्या जागी स्वतःचा जुना बसवून मोकळा झाला, की बाकीच्यांच्या घरी कोरड. ही डोकेदुखी जगभर इतकी बोकाळली की तिला 'डीएलएल हेल' असे नावच पडले. पुढे विंडोज २००० पासून विंडोजने आपल्या महत्त्वाच्या फाइल्सवर पहारा बसवला आणि त्रास बराच कमी झाला.

आता पहिली तक्रार घेऊ, प्रोग्रॅम न बसण्याची. पुष्कळदा कारण साधे असते. डिस्कवर जागा नसते, किंवा ज्या नावाने आपण संगणक उघडला आहे त्याला प्रोग्रॅम बसवण्याचा अधिकार नसतो. अशा वेळी उजव्या बटणाने 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' निवडले की काम होते. प्रोग्रॅम फार जुना असेल, तर गुणधर्मांच्या खिडकीत 'कंपॅटिबिलिटी' नावाचे पान असते. तिथे जुने विंडोज निवडता येते. मात्र एका ठिकाणी हा उपाय चालत नाही. १६ बिटचे जुने प्रोग्रॅम ६४ बिटच्या विंडोजवर चालतच नाहीत. काही वेळा मूळ प्रोग्रॅम ३२ बिटचा असतो, पण त्याला बसवणारा 'सेटअप' तेवढा १६ बिटचा निघतो, आणि आपण तासभर सीडी पुसत बसतो.

बसवताना आणखी एक गोष्ट सांभाळावी. आपल्याकडे 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' असे डोळे मिटून म्हणण्याची पद्धत आहे. फुकट मिळणाऱ्या पुष्कळ प्रोग्रॅमांत आधीच खूण केलेले लहान चौकोन असतात. ते वाचले नाहीत, तर एका पाहुण्याबरोबर तीन अनोळखी मंडळी आत येतात. कोणी ब्राउझरवर पट्टी लावते, कोणी पहिले पान बदलते. 'कस्टम' हा पर्याय निवडून त्या खुणा काढाव्यात, एवढेच.

दुसरी तक्रार सापडण्याची. डेस्कटॉपवर चित्र आले नाही म्हणजे प्रोग्रॅम बसला नाही, असे नव्हे. स्टार्ट मेनू पाहावा, त्यातही बनवणाऱ्या कंपनीच्या नावाखाली पाहावे. आपण ज्याला 'ते मराठीचे' किंवा 'ते हिशेबाचे' म्हणतो, त्याचे यादीतले नाव भलतेच असू शकते. ६४ बिटच्या विंडोजमध्ये 'प्रोग्रॅम फाइल्स' नावाचे दोन फोल्डर असतात. त्यातल्या ज्याच्या नावापुढे 'एक्स ८६' लिहिलेले असते, त्यात जुने ३२ बिटचे प्रोग्रॅम राहतात. आणि डेस्कटॉपवर चित्र असेलच, तर त्यावर उजवे बटण दाबून गुणधर्म पाहावेत. 'टार्गेट' या शब्दापुढे प्रोग्रॅमचा खरा पत्ता लिहिलेला असतो.

तिसरी तक्रार काढण्याची, आणि सर्वाधिक गैरसमज इथेच आहेत. कोपऱ्यात छोटा बाण असलेले चित्र ही नुसती दारावरची पाटी. ती कचऱ्याच्या डब्यात टाकली तरी बिऱ्हाड आत सुखरूप असते. उलट मुख्य फोल्डरच पुसला, तर माणूस जातो आणि रेशनकार्डावरचे नाव राहते. मग तोच प्रोग्रॅम पुन्हा बसवताना 'हा आधीच बसवलेला आहे' असे उत्तर मिळते. सरळ रस्ता एकच, प्रोग्रॅमला त्याच्याच दाराने बाहेर काढण्याचा. विंडोज ९५ पासून एक्सपीपर्यंत कंट्रोल पॅनेलमध्ये 'अॅड-रिमूव्ह प्रोग्रॅम्स' होते. व्हिस्टापासून त्याचे नाव 'प्रोग्रॅम्स अँड फीचर्स' झाले. विंडोज १० आणि ११ मध्ये 'सेटिंग्ज'मधले 'अॅप्स' हे पान त्यासाठी आहे. रजिस्ट्री झाडून देतो म्हणणाऱ्या प्रोग्रॅमांच्या नादी मी लागत नाही. चार जुन्या नोंदी गेल्याने संगणक तरुण होत नाही, आणि एक चुकीची नोंद गेली तर तो उठत नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, यात एवढे काय? गेला एखादा प्रोग्रॅम तर गेला. तसे असते तर मीही हे लिहिले नसते.

आमच्या शेजारच्या इमारतीत एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. सगळे त्यांना सर म्हणतात. गेली कित्येक वर्षे ते आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत आहेत. कोकणातल्या मूळ गावी जाऊन जुनी दस्तऐवजांची बाडे पाहिली, इंदूर-बडोद्याकडे गेलेल्या शाखांना पत्रे लिहिली, माहेरवाशिणींची नावे एकेका म्हाताऱ्या आत्याला विचारून मिळवली. सहाशेच्या वर पाने २०११ साली घेतलेल्या, विंडोज ७ च्या संगणकावर त्यांनी स्वतः टंकलिखित केली. ज्यांनी ही माहिती सांगितली त्यांतले बहुतेक आता हयात नाहीत.

दिवाळीच्या सुटीत नातू आला. संगणक सुरू व्हायला दहा मिनिटे घेतो हे पाहून त्याने प्रेमाने साफसफाई केली. यादीत एक नाव त्याला ओळखू येईना. आजोबा तर थेट वर्डच उघडतात, हे त्याने पाहिले होते. तेव्हा हेही जुने काहीतरी, असे म्हणून त्याने ते काढले. दुसऱ्या दिवशी सरांनी फाइल उघडली, तर पानेच्या पाने इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे. एकही मराठी शब्द नाही.

मी गेलो तेव्हा काकूंनी दार उघडले आणि काहीच बोलल्या नाहीत. सर खुर्चीत बसून होते. "गेलं सगळं," एवढेच म्हणाले. नातू कोपऱ्यात उभा. "काका, मी फाइलला हात पण नाही लावला हो," असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. आणि तो खरे बोलत होता.

झाले होते ते असे. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या पद्धतीचे मराठी फॉन्ट म्हणजे एक प्रकारचा मुखवटा होता. फाइलमध्ये साठवली जात ती इंग्रजी अक्षरांचीच चिन्हे, आणि फॉन्ट त्यांच्यावर 'क', 'ख', काना, वेलांटी यांची चित्रे चढवी. फॉन्ट गेला की मुखवटा गळून पडतो आणि आतली इंग्रजी अक्षरे दिसू लागतात. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून स्वतःच्या जागा आहेत, आणि विंडोजने विंडोज २००० पासून ती लिहिण्याची सोय दिली. पण सवयीने आणि छापखान्यांच्या सोयीने पुष्कळांचे लेखन जुन्या फॉन्टांतच राहिले. नातवाने काढलेला प्रोग्रॅम मराठी टंकलेखनाचा होता, आणि जाताना तो आपले फॉन्ट घेऊन गेला होता.

"सर, मजकूर जागेवर आहे. फक्त दिसत नाहीये," असे मी म्हणालो. त्यांचा विश्वास बसला नाही.

काकूंनी कपाटातून एक बिस्किटांचा डबा आणला. त्यात मूळ सीडी होती आणि प्रोग्रॅमचे यूएसबीचे कुलूप, म्हणजे डोंगल, तेही रबर लावून ठेवलेले. सेटअप चालवला, तर 'आधीच बसवलेला आहे' म्हणून हटून बसला. म्हणून सीडी उघडून आत पाहिले. फॉन्टचा फोल्डर वेगळा होता. त्यातल्या फाइल्स एकेक उघडून 'इन्स्टॉल' दाबले, वर्ड बंद करून पुन्हा उघडले. पडद्यावर मूळ पुरुषाचे नाव मराठीत उभे राहिले. सरांनी चष्मा काढून पुसला.

वाचायला फॉन्ट पुरतो. लिहायला मात्र प्रोग्रॅम लागतो. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, अॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने सेटअप चालवला, तेव्हा तोही बसला. मग संपूर्ण ग्रंथाची पीडीएफ करून ती दुसऱ्या संगणकावर आणि नातवाच्या मोबाइलवर उघडून पाहिली. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधलेला असेल तर पान कुठेही तसेच दिसते. फॉन्टच्या फाइल्सही पेनड्राइव्हवर मजकुराशेजारी ठेवल्या. हा संगणक आता इंटरनेटला जोडायचा नाही, असेही ठरले. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपला आहे.

राहिले ते युनिकोडमध्ये रूपांतर. ते करून देणारे प्रोग्रॅम आहेत, पण डोळ्यांखालून घातल्याशिवाय त्यावर विसंबू नये. जुन्या पद्धतीत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. 'विष्णू'तली ऱ्हस्व वेलांटी 'व'च्या आधी आणि 'गोवर्धन'मधला रफार 'ध'च्या नंतर. युनिकोडमध्ये हे दोन्ही क्रम उलट असतात. जोडाक्षरांतही गफलती होतात. साध्या मजकुरात त्या खपून जातात, पण कुलवृत्तांतात नाव चुकले की माणूसच चुकतो. ते वाचन नातवाने अंगावर घेतले आहे. रविवारी तो फोनवर एकेक पान वाचतो आणि सर हस्तलिखिताशी ताडून पाहतात.

म्हणून जुना संगणक आवरायला घेणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की आधी यादी करावी, मग झाडू घ्यावा. घरातल्या ज्या माणसाचा तो संगणक आहे त्याला शेजारी बसवून प्रत्येक नावापुढे विचारावे, "यात तुमचं काही आहे का?" मजकूर, फोटो, हिशेब यांची एक प्रत बाहेर काढावी आणि ती दुसरीकडे उघडते की नाही हे पाहावे. 'सिस्टिम रिस्टोअर'ची एक खूण करून ठेवावी, म्हणजे विंडोजची व्यवस्था मागे नेता येते. आपल्या कागदपत्रांची ती प्रत नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे. सीडी, कुलपे, नोंदणीचे क्रमांक एका डब्यात ठेवावेत. मग एका वेळी एकच प्रोग्रॅम काढावा, संगणक पुन्हा सुरू करावा, रोजची कामे होतात का ते पाहावे आणि नंतरच पुढच्याकडे वळावे. वेग हवा असेल तर सुरू होतानाच जागे होणाऱ्या प्रोग्रॅमांना थांबवावे. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो, आणि त्यात काही जात नाही.

प्रोग्रॅम विकत मिळतात, फुकटही मिळतात, आणि पाच-दहा वर्षांनी त्यांचे दिवस भरतात. त्यांचा लोभ धरण्याचे कारण नाही. पण आपल्या माणसांनी त्यांच्या आधाराने जे लिहून ठेवले, त्याची दुसरी प्रत पुष्कळदा जगात कुठेच नसते. यादीतल्या अनोळखी नावावर 'अनइन्स्टॉल' दाबण्याआधी शेजारच्या खोलीत जाऊन एकदा विचारायला फार तर दोन मिनिटे लागतात.