पोटातील बाळाचे ठोके

गाभण म्हशीचे महिने आपण बोटांवर मोजतो. घरातल्या गरोदर सुनेच्या तपासणीची तारीख मात्र पेरणीच्या धांदलीत विसरून जातो. म्हणून या खेपेस हा विषय.

पोटातल्या बाळाचे हृदय मिनिटाला साधारण ११० ते १६० वेळा धडधडते. आईच्या नाडीपेक्षा ते पुष्कळच जलद. ते ऐकण्यासाठी पॅरिसचे डॉक्टर अडोल्फ पिनार यांनी १८९५ साली कर्ण्यासारखी नळी केली. तिचे रुंद तोंड आईच्या पोटावर टेकवायचे, दुसऱ्या टोकाला नर्सबाईंनी कान लावायचा. वीज लागत नाही, बिघडण्यासारखे काही नाही. पाचव्या महिन्याच्या सुमारास या नळीतून ठोके ऐकू येतात. डॉप्लर यंत्रातून तिसऱ्या महिन्याच्या अखेरीसही. ऐकताना नर्सबाई आईची नाडीही धरतात, कारण आईचेच ठोके बाळाचे समजण्याची चूक होऊ शकते.

खरी कसोटी बाळंतपणाच्या कळांत. गर्भाशय आवळले की वारेतून बाळाला मिळणारा प्राणवायू क्षणभर कमी पडतो. धडधाकट बाळ ते सोसते. दमलेल्या बाळाचे ठोके मात्र मंदावतात आणि कळ ओसरली तरी लवकर सावरत नाहीत. म्हणून कळेच्या वेळी आणि ती गेल्यावरही निदान मिनिटभर ऐकावे लागते. आधी दर १५ ते ३० मिनिटांनी, जोर करण्याच्या वेळी दर ५ मिनिटांनी.

मोठ्या इस्पितळात पोटाला पट्टे बांधून कागदावर ठोक्यांचा आलेख काढतात. रक्तदाब वाढलेला असेल, मधुमेह असेल, बाळाची वाढ खुंटली असेल, तर तो हवाच. निरोगी बाईला सरसकट पट्टे बांधल्याने मात्र सिझेरियन वाढतात, आणि बालमृत्यू कमी झाल्याचे दिसलेले नाही. आलेख जरा बिघडला म्हणून घाबरू नये. पुष्कळदा आईला कुशीवर वळवताच ठोके सुधारतात.

घरी मात्र यंत्रापेक्षा बाळाची हालचाल महत्त्वाची. "दिवस भरत आले, आता बाळ कमीच हलायचं," असे सासूबाई सांगतात. ते खरे नाही. हालचाल मंदावली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. बाजारातल्या घरगुती डॉप्लरवर ठोके ऐकू आले, तरीही जावेच.

सरकारी दवाखान्यांत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला, चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. कॅलेंडरवर खूण करून ठेवा.