एका गुणाचे वाद

आपल्याकडे खेळावर बोलायचे म्हणजे क्रिकेटवर बोलायचे, असे जणू ठरूनच गेले आहे. सामना संपला की कट्ट्यावर, एस.टी.त, चहाच्या टपरीवर निवड समितीपासून खेळपट्टीपर्यंत सर्वांची हजेरी घेतली जाते. वेल्समधल्या जुन्या कोळसा-खाणींच्या गावांत, न्यूझीलंडमध्ये किंवा फिजीच्या बेटांवर अशीच हजेरी रग्बीच्या संघांची घेतली जाते. रग्बी आपल्याला अगदीच परकी नाही. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर ती फार वर्षांपासून खेळली जाते. परंतु विश्वचषकात भारत कधी उतरलेला नाही. त्यामुळे या वादांत आपण तिऱ्हाईत. तिऱ्हाइताला भांडण जरा स्वच्छ दिसते, म्हणून हा लेख.

प्रथम खेळाची तोंडओळख. एका बाजूला पंधरा खेळाडू, वेळ ऐंशी मिनिटे. चेंडू हाती घेऊन पळता येते, पण हाताने पुढे फेकता येत नाही. सहकाऱ्याला द्यायचा तर आडवा किंवा मागे. चेंडू प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ‘ट्राय’, त्याचे ५ गुण. ट्रायनंतर खांबांमधून चेंडू मारला तर आणखी २. प्रतिपक्षाने नियम मोडल्यावर मिळालेली पेनल्टी खांबांमधून मारली तर ३. म्हणजे पळून गुण मिळतात तसे लाथ मारूनही मिळतात. चाहत्यांच्या निम्म्या भांडणांचे मूळ इथेच आहे.

२०२३ चा विश्वचषक फ्रान्समध्ये झाला. तो दक्षिण आफ्रिकेने जिंकला, आणि कसा जिंकला पाहा: उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सविरुद्ध २९-२८, उपांत्य फेरीत इंग्लंडविरुद्ध १६-१५, अंतिम सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध १२-११. तीन सामन्यांत मिळून तीन गुणांची आघाडी! अंतिम सामन्यात आफ्रिकेने एकही ट्राय केला नाही. हँड्रे पोलार्डने चार पेनल्टी मारल्या. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन पूर्वार्धातच लाल कार्डाने बाहेर गेला. उरलेल्या चौदा जणांनी ट्रायही केला, पण त्यानंतरची लाथ चुकली आणि पुढे एक लांबची पेनल्टीही चुकली.

यावर एक पक्ष म्हणतो, हे नशीब. चौदा जणांनी ज्यांना घाम फोडला ते कसले जगज्जेते? दुसरा पक्ष म्हणतो, नशीब एकदा येते, ओळीने तीन वेळा येत नाही. मला दुसऱ्या पक्षाचे म्हणणे पटते, आणि त्याला कारण फ्रान्सचा सामना आहे. त्या सामन्याच्या पूर्वार्धात फ्रान्सच्या एका ट्रायनंतर टोमा रामोस दोन गुणांची लाथ मारायला आला. लाथ मारणारा हलला की बचाव करणाऱ्यांना आपल्या रेषेवरून धावून येता येते, हा नियम सर्वांनाच ठाऊक असतो; पण एवढ्या अंतरावरून पोहोचणार कोण, म्हणून कुणी जिवाच्या आकांताने धावत नाही. चेस्लिन कोल्बी धावला आणि त्याने चेंडू अडवला. फ्रान्स शेवटी एकाच गुणाने हरला. कोल्बी जरा लवकर निघाला होता की नाही, यावर फ्रेंच चाहते अजून वाद घालतात. घालोत, पण जे दोन गुण प्रत्येक जण गृहीत धरतो ते अडवायला धावणे, याला नुसते नशीब कसे म्हणावे?

आता आयर्लंडचे दुःख. हा संघ क्रमवारीत पहिला होता, ओळीने सतरा सामने जिंकून आला होता, आणि गटात त्याने याच आफ्रिकेला १३-८ असे हरवले होते. उपांत्यपूर्व फेरीत तो न्यूझीलंडकडून २४-२८ असा हरला. अखेरीस आयरिश खेळाडू पाच मिनिटांहून अधिक काळ, सदतीस वेळा चेंडू खाली येऊनही तो आपल्याकडेच राखत पुढे रेटत होते. शेवटी सॅम व्हाइटलॉकने तो हिसकावला. विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे आयर्लंड आजवर कधीच गेलेला नाही. ‘चार वर्षांतले उत्तम संघ आम्ही, पण एका रात्री घसरलो,’ असे आयरिश चाहते म्हणतात. ‘ती एक रात्र जिंकणे म्हणजेच विश्वचषक,’ असे उत्तर येते. दोघेही आपापल्या जागी खरे बोलतात, म्हणून हा वाद मिटत नाही.

मात्र एका बाबतीत सर्व देशांचे चाहते एकमुखाने ओरडले, ते सोडतीबाबत. गटांची सोडत डिसेंबर २०२० मध्ये, जवळजवळ तीन वर्षे आधी काढली होती, आणि तीही जानेवारी २०२० च्या क्रमवारीवरून. मधल्या काळात कुणी वर गेले, कुणी खाली. परिणामी स्पर्धा सुरू झाली तेव्हाचे पहिले पाचही संघ दोनच गटांत कोंबले गेले, आणि त्या गटांच्या विजेत्या-उपविजेत्यांची गाठ थेट उपांत्यपूर्व फेरीत पडली. जणू अकरावीच्या गुणांवर एम.ए.चा प्रवेश!

गुणतक्त्याची गंमतही सांगितली पाहिजे. गटात विजयाला ४ गुण, चार ट्राय केले तर १ बोनस, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरले तर हरणाऱ्यालाही १ बोनस. फिजीने ऑस्ट्रेलियाला २२-१५ असे हरवले. १९५४ नंतर प्रथमच. पुढे तोच फिजी पोर्तुगालकडून २३-२४ असा हरला. हरूनही फिजीचे खेळाडू उपांत्यपूर्व फेरीत, कारण एका गुणाने हरल्यामुळे मिळालेल्या बोनसने त्यांचे ११ गुण झाले. ऑस्ट्रेलियाचेही ११ होते, पण आपसांतला सामना फिजीने जिंकलेला. विश्वचषक दोनदा जिंकलेला ऑस्ट्रेलिया प्रथमच गटातून घरी गेला.

त्या सामन्यात पोर्तुगालला विश्वचषकातला पहिलावहिला विजय मिळाला. २००७ साली याच पोर्तुगालला न्यूझीलंडने १०८-१३ असे धुऊन काढले होते. यातून लहान संघांचा प्रश्न निघतो, आणि मला सर्वांत मोलाचा वाद हाच वाटतो. युरोपातली मानाची ‘सहा राष्ट्रां’ची स्पर्धा २००० सालापासून त्याच सहा देशांत खेळली जाते, खालून कुणी वर येत नाही, वरून कुणी खाली जात नाही. जॉर्जियाने २०२२ मध्ये इटलीला आणि वेल्सलाही हरवले, तरी दार बंदच. चाहत्यांतला एक गट म्हणतो, इटलीला काढा, जॉर्जियाला घ्या. २०२३ मध्ये इटलीने न्यूझीलंडकडून ९६ आणि फ्रान्सकडून ६० गुण खाल्ले, हा त्यांचा पुरावा. पण त्याच विश्वचषकात जॉर्जियाला एकही सामना जिंकता आला नाही, हे दुसरा गट लगेच ऐकवतो. मोठ्यांशी खेळायला मिळत नाही म्हणून तयारी नाही, आणि तयारी नाही म्हणून मोठ्यांशी खेळायला मिळत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. हे चक्र मला कुणी फळ्यावर आकृती काढून समजावून द्यायची गरज नाही. जपान १९९५ मध्ये न्यूझीलंडकडून १७-१४५ असा हरला होता. तेव्हाच त्याला घरी बसवले असते, तर २०१५ मध्ये ब्रायटनला त्याने दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ असे हरवलेले कुणाला दिसले असते?

आपल्याच देशाच्या पराभवाची इच्छा धरणारे चाहतेही रग्बीने पाहिले आहेत. वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेचा हिरवा सदरा गोऱ्या सत्तेची खूण होता, म्हणून अनेक कृष्णवर्णीय प्रेक्षक प्रतिपक्षाच्या बाजूने ओरडत. १९८७ आणि १९९१ च्या विश्वचषकांत त्या देशाला प्रवेशच नव्हता. १९९५ मध्ये नेल्सन मंडेला तोच हिरवा सदरा घालून अंतिम सामन्याला आले, याचे कौतुक जगभर झाले. पण त्या संघात गोरा नसलेला खेळाडू एकच होता, चेस्टर विल्यम्स. २०१९ आणि २०२३ मध्ये चषक उचलला तो झ्विडे वस्तीत वाढलेल्या सिया कोलिसीने, संघाच्या पहिल्या कृष्णवर्णीय कर्णधाराने. केपटाऊनमध्ये अजूनही काही घरांत वाडवडिलांच्या रीतीने न्यूझीलंडचाच जयजयकार होतो. त्यांना देशद्रोही म्हणणारे आहेत. मला तसे म्हणवत नाही. ज्या संघाने आजोबांना मैदानाबाहेर ठेवले त्याच्यावर नातवाने किती वर्षांत प्रेम करावे, हे बाहेरच्याने ठरवू नये.

महिलांच्या रग्बीत हे वाद आता कुठे रंगू लागले आहेत. २०२५ च्या अंतिम सामन्यात इंग्लंडने कॅनडाला ३३-१३ असे हरवले, ते ट्विकनहॅमच्या ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर. इंग्लंडच्या मुली २०१९ पासून पगारी खेळाडू आहेत. कॅनडाच्या संघाने तयारीसाठी लोकांकडून वर्गणी गोळा केली होती. तेव्हा त्या वर्षीची सरस कामगिरी कोणाची, यावर आमच्या खोलीतल्या चौघींत अजून एकमत झालेले नाही. पुरुषांचा पुढचा विश्वचषक २०२७ मध्ये ऑस्ट्रेलियात आहे. त्यात वीसऐवजी चोवीस संघ घेतले आहेत.