मोटर गुणगुणते, पण फिरत नाही!

सेकंड इयरला मशीन्सच्या लॅबमध्ये सरांनी एकदा सिंगल फेज मोटरचा कपॅसिटर काढून ठेवला आणि सप्लाय चालू केला. मोटर नुसती 'गुंऽऽ' करत जागेवर उभी! सर म्हणाले, "हिच्यात करंट आहे, चुंबकीय क्षेत्र आहे, सगळं आहे. फक्त स्टार्टिंग टॉर्क नाही." मग शाफ्टला दोरीने एक झटका दिला, तर लागली फिरायला. पुन्हा थांबवून उलटा झटका दिला, तर उलटी फिरली. आणि तशीच गुणगुणत ठेवली तर? वाइंडिंग जळतं.

हे सगळं मी जर्नलमध्ये उतरवलं, सही घेतली आणि विसरून गेलो. त्याचा खरा अर्थ कळला तो अंबडला गेल्यावर.

माझा रूम पार्टनर अंबडचा. हॉस्टेलमध्ये त्याला सगळे 'उस्ताद' म्हणायचे, कारण पठ्ठ्या तबला वाजवायचा. अंबडला दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवाची फार जुनी परंपरा आहे, मोठमोठे गवई तिथे हजेरी लावून गेलेत. त्या दिवसांत उस्ताद सबमिशन सोडून गावाकडे पळायचा. "चल ना बे एकदा," असं तीन वर्षं म्हणत होता. मी गेलो नाही. आपल्याला क्रिकेट आणि कॉम्प्युटर यापलीकडे काही कळत नाही. तासभर एकच ओळ आळवणं म्हणजे मला शिक्षाच!

थर्ड इयरला त्याचे विषय राहिले, वर्ष गेलं आणि तो गावी जाऊन बसला. मग मी सुरू केली मदत! रोज सकाळी सहाला फोन. अभ्यासाचं टाइमटेबल. नोट्सच्या झेरॉक्स कुरिअरने. "तबला-बिबला नंतर, आधी विषय काढ" हे दर वेळी. महिन्याभरात त्याने माझा फोन उचलणंच बंद केलं. मला रागच आला. एवढं करतोय याच्यासाठी, आणि याला काहीच नाही?

जानेवारीत जालन्याहून एस.टी. धरून अंबडला गेलो. तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेला. काकूंनी चहा दिला आणि हळूच म्हणाल्या, "बाळा, दिवाळीपासून त्यानं तबल्याला हात लावला नाही. यंदा दत्तजयंतीलाबी गेला नाही. देऊळ इथंच तर आहे."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. आळशी माणूस अभ्यास टाळतो, आवडीचं काम टाळत नाही. इथे तर आवडीचंच सुटलं होतं! मी ज्याला टाइमपास समजत होतो तो तबला म्हणजे त्याचा मीटर होता. काटा शून्यावर आला होता, आणि मी मात्र त्याचं मार्कशीट बघत बसलो होतो.

मित्रांनो, तुमच्या विंगमध्येही असा एखादा असेल. म्हणून थोडं वाचून आणि बरंचसं चुकून जे समजलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, आधी आपला राग तपासा. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली आणि कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत आणली. तिचं सार असं, की आपल्याला त्रास होतो तो बऱ्याचदा आपल्याच 'असं झालंच पाहिजे' या हट्टाचा. उस्तादने सहाला उठलंच पाहिजे, हा माझा 'च' होता. त्याला मदत करण्यापेक्षा मला तो दुरुस्त करायचा होता, तोही माझ्यासारखा!

दुसरी गोष्ट, निवड त्याची त्याला करू द्या. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन हे मानसशास्त्रज्ञ म्हणतात की माणसाला आतून उमेद यायला तीन गोष्टी लागतात: निर्णय आपला असणं, आपल्याला काही जमतंय असं वाटणं आणि कुणाशी तरी नातं असणं. माझ्या टाइमटेबलमध्ये यातलं एकही नव्हतं. कपॅसिटर नसलेली मोटर झटका द्याल त्या दिशेला फिरते. माणूस मोटर नाही. आपल्या दिशेला ढकलला की तो दार लावून घेतो. म्हणून त्या दिवशी मी एवढंच विचारलं, "मत्स्योदरीच्या टेकडीवर जायचं का पुष्करणी बारवेकडे?" बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "बारव." बस्स, तेवढंच. पण ते त्याने ठरवलं होतं.

तिसरी गोष्ट, मूड येण्याची वाट बघू नका. आपल्याला वाटतं आधी उत्साह येतो, मग काम होतं. पीटर लेविनसन या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात दाखवलं की निराशेत चक्र उलटं फिरतं. हालचाल कमी, म्हणून आनंद कमी, म्हणून हालचाल आणखी कमी. हे चक्र तोडायला छोटी कृती पुरते. दहा मिनिटं चालणं, एक पान वाचणं.

चौथी, त्याच्या छंदाचं नाटक करू नका. "वा, क्या बात है" मी म्हटलं असतं तर त्याने लगेच ओळखलं असतं. मी सरळ म्हणालो, "मला यातलं घंटा कळत नाही. पण तीनतालात सोळा मोजताना मध्येच हात उलटा का करतात?" नवव्या मात्रेला खाली असते, म्हणून. मी तीनदा मोजलं आणि तीनदा चुकलो. चौथ्यांदा चुकलो तेव्हा तो हसला. तबल्यावरचं कापड त्याने स्वतः काढलं.

पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मित्र म्हणजे डॉक्टर नव्हे. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नसेल, झोप आणि जेवण बिघडलं असेल, तर तो आळस नाही, आजार असू शकतो. "जगून काय करू" असं कुणी एकदा जरी बोललं तरी थांबू नका, एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. उस्तादला काका आणि मी जालन्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. गोळ्या सुरू झाल्या. मला वाटतं, माझ्या सगळ्या हुशारीपेक्षा ते एक काम जास्त मोलाचं झालं.

आणि हो, त्या मोटरमध्ये आणखी एक गंमत असते. पंपाच्या बऱ्याच मोटरींत सेंट्रिफ्यूगल स्विच असतो. साधारण पाऊणपट वेग आला की तो स्टार्टिंग वाइंडिंगला सर्किटबाहेर काढतो, नाहीतर तेही जळेल. आपणही वेळीच बाजूला व्हायचं असतं. मी आता रोज फोन करत नाही. रविवारी करतो, आणि माझ्याही परीक्षा असतात हे त्याला सांगतो.

उस्ताद एकदम टॉपर झाला असं वाटून घेऊ नका. एक विषय निघालाय, एक राहिलाय. कधी आठवडाभर पुन्हा पडून असतो. पण संध्याकाळी तबला वाजतो, असं काकू फोनवर सांगतात.

येत्या दत्तजयंतीला मी अंबडला जाणार आहे. गाणं कळणार नाहीच. पण सोळापर्यंत मोजता येतं आता!